सोलापुरात बाग लावायची तर मुहूर्त भाद्रपदाचा

मार्च उजाडला की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "टोमॅटोची रोपं कुठं मिळतील? गच्चीवर लावायचीत." मी त्यांना थांबवते. मार्चमध्ये लावलेलं रोप एप्रिलात फुलावर येतं आणि 40-42 अंशांच्या उन्हात ती फुलं एकेक करून देठापासून गळून जातात. झाड हिरवं दिसतं, माणूस रोज पाणी घालतो, पण फळ काही धरत नाही. मीही पहिल्या वर्षी हेच केलं. बारा कुंड्या, तीन महिने पाणी आणि हाताला चार टोमॅटो. चूक खताची नव्हती की बियाण्याची नव्हती, चूक महिन्याची होती.

पुण्या-नाशिकची माहिती वाचून सोलापुरात बाग केली की असं होतं. आपला जिल्हा रब्बीचा. जूनचा पाऊस इथं येतो न येतो, जुलै-ऑगस्टमध्ये नुसते ढग पळतात, आणि खरा पाऊस पडतो तो सप्टेंबरात, उत्तरा-हस्त नक्षत्रांत. म्हणून तर इथला शेतकरी ज्वारी तेव्हा पेरतो. काळ्या रानात मुरलेल्या त्या ओलीवर मंगळवेढ्याची मालदांडी पुढचे चार महिने निभावून नेते. घरच्या बागेलाही हाच हिशेब लावा. गौरी-गणपती ते होळी हा आपला भाजीचा हंगाम. जून ते ऑगस्ट वेलांचा आणि झाडं लावण्याचा. मार्च ते मे हा बाग जगवायचा काळ, नवीन काही सुरू करायचा नाही. एवढं मनाशी पक्कं केलं की निम्मी कामं आपोआप सोपी होतात.

आधी पाणी, मग रोपं

रोपं आणायच्या आधी आठवडाभर वहीत लिहून ठेवा: नळाला पाणी किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं, बोअर आहे का, ती मे महिन्यात चालते का. शहरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे बागेचा आकार टाकीच्या आकारावर ठरतो. बारा इंची कुंडीला थंडीत दिवसाआड लिटर-दीड लिटर पाणी पुरतं, मे महिन्यात तीच कुंडी रोज दोन लिटर पिते. म्हणजे 20 कुंड्यांना उन्हाळ्यात रोज 40 लिटर. पाच दिवसांनी पाणी येत असेल तर 200 लिटरचा एक पिंप फक्त बागेसाठी हवा. एवढी सोय नसेल तर कुंड्या दहाच ठेवा. दहा कुंड्यांची हिरवीगार बाग 40 कुंड्यांच्या सुकलेल्या बागेपेक्षा घराला जास्त भाजी देते.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला की तो क्षारांचा समजा. असं पाणीच वापरावं लागत असेल तर पंधरा दिवसांतून एकदा नळाचं किंवा पावसाचं पाणी भरपूर घालून कुंडी खालून वाहू द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी अनेक जण बागेला घालतात. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, ते फरशी पुसायला वापरा. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी आणि एसीचं पाणी मात्र खुशाल घाला.

छतावरचा पाऊस वाया घालवू नका. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. बारा मिलिमीटरची एक चांगली सर पडली तरी हजार लिटरची टाकी भरते. पहिल्या सरीचं धुळीचं पाणी सोडून द्यायचं, पुढचं जाळी लावून टाकीत घ्यायचं. गणपतीत साठवलेलं हे गोडं पाणी रोपवाटिकेसाठी जपून ठेवा, कारण कोवळ्या रोपांना बोअरचं पाणी सोसत नाही.

आता मडक्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण रोज पाणी न येणाऱ्या शहरासाठी याहून चांगली सोय मला सापडलेली नाही. कुंभाराकडून पाच-सहा लिटरचं साधं मडकं आणायचं, आतून-बाहेरून रंग नसलेलं. घरी आणल्यावर पाण्यानं भरून सावलीत ठेवायचं. चार-पाच तासांनी बाहेरून हात फिरवला की तळवा ओला झाला पाहिजे. कोरडं राहिलं तर ते मडकं पाझरत नाही, परत करा. मग वाफ्यात खड्डा काढून गळ्यापर्यंत पुरायचं, तोंड जमिनीच्या दोन बोटं वर ठेवायचं आणि त्यावर मातीची पणती किंवा फरशीचा तुकडा झाकायचा, नाहीतर डास होतात. मडक्यापासून वीतभर अंतरावर चारी बाजूंनी चार रोपं लावायची: दोन वांगी, दोन मिरच्या. माती कोरडी झाली की मडकं पाझरतं, ओली असली की थांबतं. थंडीत एकदा भरलं की चार दिवस बघावं लागत नाही. महिन्याभरानं उकरून पाहिलंत तर बारीक पांढऱ्या मुळांची जाळी मडक्याला बिलगलेली दिसेल. क्षारांनी छिद्रं बुजतात, म्हणून हंगाम संपला की मडकं काढून काथ्यानं घासून उन्हात वाळवा. दोन-तीन हंगामांनी पाझर मंदावला की नवं घ्या.

काळी माती हातात घेऊन बघा

ओल्या काळ्या मातीचा गोळा करून दोन्ही तळव्यांमध्ये वळा. लांब, गुळगुळीत वळी झाली आणि न तुटता वाकली तर ती भारी चिकण माती. कुंडीत ती नुसती भरली तर पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते आणि उन्हाळ्यात आक्रसून कडा सोडते. मग घातलेलं पाणी कडेच्या फटीतून थेट खाली निघून जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. वरून ओली दिसणारी कुंडी आतून तहानलेली असते ती यामुळे.

अनेक जण यावर उपाय म्हणून थोडी वाळू मिसळतात. तसं करू नका. चिकण मातीत थोडी वाळू म्हणजे वाळल्यावर वीट. तिला मोकळं करतं ते कुजलेलं खत. कुंडीसाठी माझं प्रमाण असं: चार घमेली माती (काळी आणि तांबडी किंवा तळ्याचा गाळ निम्मा निम्मा), तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, दोन घमेली कोकोपीट आणि एक घमेलं शेंगांची अर्धवट कुजलेली टरफलं. शेंगांच्या चटणीच्या या गावात टरफलांना तोटा नाही. ती पोत्यात भरून, ओली करून दोन महिने ठेवायची, काळपट आणि मऊ झाली की वापरायची. ताजी टरफलं मिसळली तर ती कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. वरून प्रत्येक कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत किमान सहा महिने जुनं घ्या. ताज्या शेणासोबत हुमणीची अळी येते, आणि ती मुळं खाऊन टाकेपर्यंत वर काही कळत नाही.

आपल्या मातीत चुनखडीही बरीच असते. लिंबाची किंवा पेरूची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की लोक युरिया टाकतात. ती लोहाची कमतरता असते. मातीत लोह आहे, पण चुनखडीमुळे झाडाला ते घेता येत नाही. चिलेटेड (म्हणजे झाडाला सहज घेता येणारं) लोह लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. कायमचा उपाय म्हणजे आळ्यात दरवर्षी भरपूर कंपोस्ट. सामुदायिक बाग किंवा मोठं अंगण असेल तर सुरुवातीलाच माती परीक्षण करून घ्या. वेगवेगळ्या सात-आठ ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो द्यायची.

गच्चीवर बाग असेल तर वजनाचा विचार हवाच. ओली माती लिटरला दीड किलोच्या पुढं जाते, 20 लिटरची कुंडी म्हणजे 30 किलो आणि अर्ध्या पिंपात आंबा लावला तर दीडशे किलोपर्यंत. जड कुंड्या भिंतीच्या आणि तुळयांच्या वर ठेवा, स्लॅबच्या मध्यावर नको. कुंडी विटांवर ठेवली की खालून पाणी वाहून जातं, स्लॅबला ओल धरत नाही आणि मे महिन्यातल्या तापलेल्या फरशीपासून मुळंही वाचतात.

गणपती ते होळी

वांगी, टोमॅटो आणि मिरचीची रोपवाटिका नारळी पौर्णिमेच्या आसपास टाका. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल, वर चाळलेलं खत, त्यावर ओलं गोणपाट. कोंब दिसला की गोणपाट त्याच दिवशी काढायचं, एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबट आणि लुळी होतात. टोमॅटो-वांग्याची रोपं 25 ते 30 दिवसांत तयार होतात, मिरचीला दहा दिवस जास्त लागतात. लावणी संध्याकाळी करा. टोमॅटोचं रोप पहिल्या पानांपर्यंत खोल लावा, पुरलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात. मिरची-वांगं मात्र रोपवाटिकेत होतं तेवढंच खोल. या तिघांना किमान बारा इंच खोलीची कुंडी लागते. जमिनीत टोमॅटो दीड ते दोन फुटांवर, वांगं दोन-अडीच फुटांवर. आधाराला तुराट्या उत्तम, बांबू विकत आणायची गरज नाही.

पालेभाज्यांना सहा इंच खोली पुरते, जुनी टब-टोपली चालते. मेथी 25-30 दिवसांत, पालक महिन्याभरात, कोथिंबीर 40-45 दिवसांत हाताशी येते. धने लाटण्यानं हलके रगडून दोन फोडी करायच्या आणि रात्रभर भिजवायच्या, उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर धीर धरा. सगळं एकदम पेरू नका. दर दहा दिवसांनी एक टोपली पेरली तर चार महिने भाजी चालू राहते. मेथी एका दिवशी पेरून एका दिवशी उपटली की पुढं टोपली रिकामी.

विकतच्या पाकिटांत नसलेल्या, पण इथल्या मातीला सर्वांत मानवणाऱ्या दोन भाज्या मुद्दाम सांगते. करडई आणि हरभरा. ऑक्टोबरात वाण्याकडच्या साध्या हरभऱ्याचे मूठभर दाणे वाफ्यात पेरा. रोप वीतभर झालं की शेंडे खुडा. त्याची भाजी होते आणि खुडल्यानं फांद्या फुटून घाटेही जास्त लागतात. हरभऱ्याला पाणी कमी द्यायचं, लाडानं जास्त घातलं की नुसता पाला वाढतो. करडई महिन्याभराची असताना कोवळी उपटून भाजी करायची. काटे येऊ लागले की ती भाजीची राहत नाही. कडेला दोन-चार झाडं तशीच राहू दिलीत तर त्यांच्या फुलांवर मधमाश्या येतात.

मुळा, शेपू, चाकवत, बीट, गाजर, लसूण, पातीचा कांदा हे सगळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिनघोर लावा. गाजराला दगड-खडे नसलेली फूटभर खोल भुसभुशीत माती हवी, काळ्या चिकण वाफ्यात ते वाकडं-फाटकं होतं, म्हणून कुंडीतच बरं. कोबी-फ्लॉवर घरी लावू नये असं माझं मत आहे. तीन महिने जागा अडवून एक गड्डा मिळतो आणि त्यासाठी अळ्यांशी रोज झगडावं लागतं. तेवढ्या जागेत वांगं लावा, तीन महिने आठवड्याला दोनदा भाजी निघेल.

पाऊसकाळ आणि उन्हाळा

मृगाचा चांगला पाऊस झाला की भेंडी, गवार, चवळी, दोडका, दुधी, कारलं, पडवळ पेरा. पाऊस हुलकावणी देईल, म्हणून अर्धं बी आत्ता आणि अर्धं पंधरा दिवसांनी. भेंडी फूट-दीड फुटावर. 45-50 दिवसांत तोडा सुरू होतो आणि मग दिवसाआड तोडलीच पाहिजे. चार दिवस विसरलात तर भेंडी जून होते आणि झाड नवी फुलं देणं थांबवतं. वेलांची पहिली फुलं नर असतात, ती गळली म्हणून घाबरू नका. मागं इवलंसं फळ असलेली मादी फुलं नंतर येतात. गच्चीवर मधमाश्या पोचत नसतील तर नर फूल तोडून, पाकळ्या काढून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे हे काम दिवेलागणीला करायचं.

अंबाडी या दिवसांत हमखास लावा. आमच्या शेजारच्या तेलुगू अक्का तिला गोंगुरा म्हणतात, मागच्या गल्लीतल्या कन्नड घरात तीच पुंडी. तिन्ही घरांत रांधायची रीत वेगळी, वाफ्यातलं काम मात्र एकच: चिमूटभर बी, विरळणी आणि शेंडे खुडणं. कमी पाण्यावर एवढी भरघोस येणारी दुसरी पालेभाजी मी पाहिली नाही.

फेब्रुवारीत गवार, भेंडी, चवळी पेरली तर ती उन्हाळ्यात तग धरते. राजगिरा, माठही येतात. बाकी सगळं आवरतं घ्या. होळीच्या आसपास 50 टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी शेडनेट बांधा, सात-आठ फूट उंच, म्हणजे खाली वारा खेळतो. वळवाच्या वादळात घट्ट ताणलेली जाळी फाटते किंवा खांबासकट उडते. म्हणून एका बाजूची दोरी अशी गाठ मारून ठेवा की आभाळ भरून आलं की चटकन सोडता येईल. जाळी नसेल तर जुनी सोलापुरी चादर पश्चिमेच्या बाजूला पडद्यासारखी टांगा. दुपारी दोननंतरचं ऊन अडवलं तरी बरंच वाचतं. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, मोठ्या बाहेर, लहान आत. मातीवर चार बोटं जाडीचं उसाचं पाचट, कडब्याचा चुरा किंवा वाळका पाला पसरा. हे आच्छादन नसेल तर घातलेल्या पाण्यातलं बरंचसं ऊनच पिऊन टाकतं. पाणी सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर. दुपारी पान मलूल दिसलं म्हणून लगेच पाणी घालू नका. संध्याकाळी ते आपोआप ताठ झालं तर झाडाला तहान नव्हती.

फळझाडं

खड्डे एप्रिल-मे महिन्यात काढून उन्हात तापू द्या. लिंबू, डाळिंब, सीताफळ, पेरूसाठी दोन फूट लांब, रुंद, खोल. आंबा-चिंचेला तीन फूट. भरताना वरची माती, दोन घमेली शेणखत, किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर निंबोळी पेंड. लागवड जुलै-ऑगस्टमध्ये दोन पाऊस झाल्यावर. कलमाचा जोड जमिनीच्या वर वीतभर राहिलाच पाहिजे. आमच्याकडे एका रोपवाटिकेतून आणलेलं लिंबाचं कलम तीन वर्षं नुसतं काट्यांनी वाढलं, कारण जोडाच्या खालून आलेला फुटवाच झाड झाला होता. जोडाखालचा प्रत्येक कोंब दिसेल तेव्हा बोटानं मोडा.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, भेगांत अख्खा हात जातो. म्हणून मोठं झाड घराच्या पायापासून वीस फूट तरी लांब ठेवा. कंपाउंडच्या आत लिंबू, डाळिंब, सीताफळ, शेवगा, कढीपत्ता पुरे. चिंच, जांभूळ, कडुनिंब, वड, करंज मोकळ्या जागेत.

डाळिंब हे सोलापूरचं झाड. केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथं तयार झालेला 'सोलापूर लाल' हा वाणही आता लागवडीत आहे. घरासाठी भगवा हा वाण उत्तम. डाळिंबाला भारी काळी माती आवडत नाही, मुरमाड आणि निचऱ्याची हवी. भारी रानात पाणी साठून मर रोग येतो, झाड एका फांदीपासून पिवळं पडत उभं वाळतं. तुमच्याकडे काळीच माती असेल तर फूट-दीड फूट उंचवटा करून त्यावर लावा. बहाराचा, म्हणजे झाड एकदम फुलावर आणण्याचा नियम असा: झाडाला आधी महिना-दीड महिना पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळू लागली की हलकी छाटणी, खत आणि पाणी, म्हणजे फुलं एकदम येतात. फुलापासून फळ पिकेपर्यंत पाच-सहा महिने लागतात. मृग बहाराला (जून-जुलैची फुलं) पाण्याचा ताण उन्हाळ्यात आपोआप बसतो, पण फळं पावसात वाढतात आणि तेल्या हा डागांचा रोग तेव्हाच जोर करतो. आंबे बहाराला (जानेवारी-फेब्रुवारीची फुलं) ऐन उन्हाळ्यात पाणी हवं. हस्त बहारात (सप्टेंबर-ऑक्टोबरची फुलं) ताण द्यायला पाऊस आडवा येतो, पण फळ स्वच्छ मिळतं. घरच्या दोन झाडांना मी हस्त बहारच धरते. उशिरा जुलैपासून आळ्यावर प्लॅस्टिक अंथरून पाऊस बाहेर वळवते. फळांवर तेलकट काळे डाग आणि मधोमध चीर दिसली की तो तेल्या. ती फळं आणि फांद्या डागाच्या खाली दोन इंच कापून जाळा, कात्री दर कापाला निर्जंतुक करा आणि एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) फवारा.

लिंबाला दुहेरी आळं करा, आतलं खोडाभोवती मातीचा उंचवटा, पाणी बाहेरच्या गोलात. खोडाला पाणी लागत राहिलं की डिंक्या होतो, म्हणजे खोडातून डिंक गळतो. शेवग्याचा पीकेएम-1 वाण बियांपासून लावा, तीन फूट झाला की शेंडा मोडा, नाहीतर शेंगा दुसऱ्या मजल्यावरून तोडाव्या लागतील. दर हंगामानंतर तीन फुटांवर छाटायचा.

सीताफळाला पाणी सर्वांत कमी लागतं आणि बकऱ्याही तोंड लावत नाहीत, म्हणून उघड्या जागेला हेच. तक्रार एकच ऐकू येते: फुलं ढीगभर, फळं चार. सीताफळाच्या फुलात मादीची वेळ आधी येते आणि पराग नंतर झडतो, त्यात आपली कोरडी हवा. यावर हातानं परागीकरण करता येतं. तीनही पाकळ्या पूर्ण फाकलेली फुलं सकाळी वाटीत झटका, पिवळसर पराग तळाशी पडतो. लहान मुलांचा रंगाचा मऊ ब्रश त्यात बुडवा. आता पाकळ्या नुकत्या किलकिल्या झालेली फुलं शोधा. एक पाकळी बोटानं हलकेच बाजूला धरा, आत चिकट ओलसर टोक दिसेल, त्यावर ब्रश सगळ्या बाजूंनी फिरवा. एका बाजूलाच पराग लागला तर फळ वाकडं होतं. सकाळी नऊच्या आत अर्ध्या तासात 30-40 फुलं होतात. ज्या फुलाला हात लावला त्याच्या देठाला दोरा बांधून ठेवा, पंधरा दिवसांत फरक डोळ्यांनी दिसेल.

नव्या झाडाला पहिले दोन उन्हाळे पोटच्या पोरासारखं जपावं लागतं. दर तिसऱ्या दिवशी 20 लिटर, आळ्यात जाड पाचट, खोडाला चुना.

कीड

जून-जुलैत कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. गोळा करून, गर धुऊन सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत ठेवा, वर्षभर पुरतात. एक लिटर अर्कासाठी 50 ग्रॅम निंबोळ्या भरडून रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून दोन ग्रॅम साबणचुरा मिसळायचा, संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूनं फवारायचं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी आठ-आठ दिवसांनी दोन-तीन फवारण्यांत आवरते. मिरचीचा चुरडा-मुरडा (पानं आकसणं) आणि भेंडीचा हळद्या (पानांच्या शिरा पिवळ्या पडणं) हे विषाणूंचे रोग आहेत. ते झालेलं झाड उपटून लांब टाका, औषधानं ते बरं होत नाही. वांग्याचा शेंडा मलूल होऊन वाकला तर आत अळी असते, तो दोन इंच खाली कापून चिरडा. उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळी आणि लालसर ठिपके म्हणजे कोळी ही बारीक कीड, त्यावर पहिला उपाय पानं खालून पाण्यानं धुणं. फळमाशीसाठी दोडक्या-कारल्याच्या मांडवात क्यू ल्युर या आमिषाचा सापळा, पेरू-आंब्याला मिथाइल युजेनॉलचा.

कॉलनीची मोकळी जागा

खोदायच्या आधी जागा कुणाची ते पाहा. महापालिकेची असेल तर लेखी परवानगी, सोसायटीची असेल तर सभेचा ठराव. उभं झाड तोडायची वेळ आली तर 1975 च्या महाराष्ट्राच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, आपली जागा असली तरी.

पहिल्या वर्षी एक गुंठ्याहून जास्त घेऊ नका, म्हणजे 33 बाय 33 फूट. वाफे साडेतीन फूट रुंद, दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि मातीवर पाय पडत नाही. मध्ये दीड-दोन फुटांची वाट. पावसाळ्यात गादीवाफे, म्हणजे वाटेपेक्षा उंच, थंडी-उन्हाळ्यात वाफा वाटेपेक्षा चार बोटं खोल, म्हणजे पाणी आतच राहतं. उत्तरेच्या कडेला वेलांचा मांडव आणि शेवगा, त्यामुळे त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही. एका कोपऱ्यात सावलीला कंपोस्टचे दोन हौद: एक भाग ओला कचरा, दोन भाग वाळका पाला. आपल्या हवेत ढीग कुजण्याआधी वाळून जातो, म्हणून आठवड्याला एकदा पाणी शिंपडून उलथायचा. मूठ दाबली की बोटांत ओल जाणवावी, थेंब पडू नये.

भांडणं भाजीवरून होत नाहीत, पाण्यावरून होतात. लावणीच्या दिवशी दहा घरं येतात आणि मे महिन्यात दोन उरतात. म्हणून वाफे घरांना वाटून द्यायच्या आधी एप्रिल-मे महिन्याची पाण्याची पाळी लिहून काढा आणि फाटकावर लावा. गावाला जाणाऱ्यानं आपली पाळी कुणाला दिली ते तिथंच लिहायचं. बोअरच्या वीजबिलाचा वाटा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. तोडणी ठरलेल्या वारी, सगळ्यांच्या समोर. फाटकाची किल्ली दोनच घरांत. ज्या घरांना मे महिना जमणार नाही त्यांनी आधीच सांगितलं तर त्यांचा वाफा मार्चमध्ये मोकळा करून पाचटानं झाकून ठेवता येतो, त्यात कमीपणा काही नाही.

बियाणं घरचं धरा. भेंडी, गवार, दोडका, वांगं, अंबाडी यांचं एकेक निरोगी झाड तोडणीतून वगळायचं, त्याला सुतळी बांधायची, म्हणजे कुणी चुकून तोडणार नाही. संकरित पाकिटाचं बी धरू नका, पुढच्या पिढीत ते एकसारखं येत नाही. शेंग झाडावर वाळली की बी काढून चार दिवस सावलीत वाळवायचं, चाळलेल्या राखेत घोळवून काचेच्या बरणीत ठेवायचं आणि वर नाव-महिना लिहायचा. आमच्या कॉलनीत गेली काही वर्षं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटायचं बंद झालंय. गवार, भेंडी आणि चवळीची पुडी देतात, प्रत्येकी वीस-पंचवीस दाणे. फेब्रुवारीच्या पेरणीला ते बरोबर हाताशी असतात.